गाठीचा रक्तगट

मायक्रोटोमच्या पात्यावरून पॅराफिनच्या ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉनचे काप सुटतात, एकाला एक चिकटून त्यांची रिबन होते. तंत्रज्ञ ती चिमट्याने उचलून कोमट पाण्यावर सोडतात आणि सुरकुती मोडली की खालून काच घालून काप वर घेतात. गाठ गुदाशयाची आहे, रुग्णाचा रक्तगट ए. या काचेवर शोधायचं आहे ते ए प्रतिजन, पण गाठीच्या पेशींवर.

रक्तगट म्हटलं की आपल्याला तांबड्या पेशीच आठवतात. लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये त्यांच्यावरूनच गट मांडले. पण गट ठरवणाऱ्या शर्करेच्या याच साखळ्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या थरावर आणि आतड्याच्या अस्तरातही असतात.

झायलीनने पॅराफिन काढायचं, अल्कोहोलमधून पाण्यात यायचं, मग अँटिबॉडी, धुणं, शेवटी रंग देणारं डीएबी. प्रतिजन असेल तिथे तपकिरी रंग धरतो. सूक्ष्मदर्शकाखाली पहिली नजर गाठीवर जात नाही, एखाद्या बारीक रक्तवाहिनीवर जाते. तिचं अस्तर आणि आतल्या तांबड्या पेशी तपकिरी दिसल्या, तरच पुढचं वाचायचं. रंजन नीट झाल्याची साक्ष रुग्णाचीच रक्तवाहिनी अशी देते, हे मला या कामातलं सर्वांत सुंदर वाटतं.

मग गाठीच्या ग्रंथी. काही गडद तपकिरी, त्यांना लागूनच काही कोऱ्या. शेजारचं निरोगी अस्तर मात्र फिकट, आणि अर्थ इथेच लागतो. गर्भात संपूर्ण मोठ्या आतड्यात हे प्रतिजन असतात. प्रौढपणी ते उजव्या भागात टिकतात, तेही स्रावी, म्हणजे लाळेसारख्या स्रावांतही हे प्रतिजन असणाऱ्या, व्यक्तींत. डाव्या भागातून आणि गुदाशयातून नाहीसे होतात. म्हणजे गुदाशयातल्या गाठीने गर्भावस्थेतली खूण परत आणली आहे. उजवीकडच्या अंधांत्राच्या गाठीत उलट घडू शकतं: असलेला ए जातो. शेवटची शर्करा जोडणारं विकर थांबलं की खालचा एच उघडा पडतो. हाच एच नसलेली माणसं भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत नोंदवली. तोच बॉम्बे रक्तगट.

म्हणून नमुन्यासोबतच्या फॉर्मवर नुसतं 'कोलन' लिहिलेलं मला चालत नाही. जागा कळल्याशिवाय हा तपकिरी रंग मुका आहे.

रोजच्या निदानात हे रंजन होत नाही, ते संशोधनाचं काम. पण याच घराण्यातली कर्करोगाची एक खूण रोज रक्तात मोजली जाते: सीए १९-९. ती लुईस रक्तगटाच्या साखळीचंच बदललेलं रूप आहे आणि तिची अँटिबॉडी मोठ्या आतड्याच्या कर्करोगपेशी वापरूनच तयार झाली होती. लुईस प्रतिजन मुळातच नसलेल्या माणसांत ती जवळजवळ बनतच नाही, गाठ कितीही वाढली तरी.