जुन्या गाडीत इंजिन कोणतं हवं?

1984 साली कॉन्टेसा बाजारात आली तेव्हा तिच्या रूपाचं कौतुक झालं, पण चालीबद्दल कुरकुर सुरू झाली. बॉनेटखाली ॲम्बॅसिडरचंच 1489 सीसी इंजिन होतं, जेमतेम 50 अश्वशक्तीचं. ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलच्या आराखड्यावर बेतलेली ती लांबरुंद गाडी घाटात ओढताना त्या इंजिनाची दमछाक व्हायची. काही वर्षांनी हिंदुस्थान मोटर्सने इसुझूचं 1817 सीसी इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला, तेव्हा कुठे कॉन्टेसा हायवेची गाडी झाली. पुढे ॲम्बॅसिडरलाही हेच इसुझू इंजिन मिळालं. मुंबईत प्रीमियरने फियाट 124चं शरीर आणि निस्सानचं 1171 सीसी इंजिन यांची जोडी जमवून 118 एनई काढली.

म्हणजे एका कंपनीची गाडी आणि दुसरीचं इंजिन हा प्रकार आपल्याकडे कारखान्यातच घडून गेला आहे. आज जुनी गाडी हौसेने सांभाळणाऱ्यांपुढचा प्रश्न मात्र वेगळा आहे. मूळ इंजिन दुरुस्त करून तेच ठेवायचं, की नव्या जमान्याचं इंजिन बसवून गाडी रोज वापरायची?

इंजिन बदलण्यामागे पूर्वी हौसेपेक्षा खर्चाचा हिशेब असायचा. 1973च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं आणि गॅरेजांमधून पेट्रोल इंजिनं भराभर उतरू लागली. अमेरिकन डॉज, शेवरोले, प्लिमथ अशा अवजड गाड्यांत पर्किन्सची किंवा मॅटाडोरची डिझेल इंजिनं बसली. महिंद्राच्या सीजे-3बी जीपमध्ये मूळचं 2199 सीसी हरिकेन पेट्रोल इंजिन असे. त्यातला इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, अशी त्याची वेगळी रचना होती. पुढे कितीतरी जीपमधून ते निघालं आणि त्या जागी डिझेल इंजिन आलं. इगतपुरीच्या कारखान्यात बनणारं प्युजोचं 2112 सीसी इंजिन त्यातलंच एक.

त्या बदलाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. डिझेलवर आल्या म्हणूनच त्यातल्या बऱ्याच गाड्या भंगारात न जाता रस्त्यावर राहिल्या. दु:ख आहे ते उतरवलेल्या इंजिनांचं. ती बहुतेक किलोच्या भावाने विकली गेली, आणि आज तीच गाडी मूळ रूपात आणायची म्हटली की मालकाला तिच्या इंजिनासाठी देशभर फिरावं लागतं.

नव्या इंजिनाची ओढ वाटणं साहजिक आहे. फ्यूएल इंजेक्शनचं इंजिन थंडीत पहिल्या सेल्फला सुरू होतं, ॲव्हरेज चांगलं देतं, धूर कमी करतं आणि त्याचे सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. पण नुसतं इंजिन बदलून भागत नाही. माउंटिंग नव्याने बनवावं लागतं, त्यासाठी चेसिसवर वेल्डिंग होतं. इंजिनाबरोबर गिअरबॉक्स बदलतो, त्याच्या मापाने प्रोपेलर शाफ्ट कापून जोडावा लागतो. डिफरन्शियलचा रेशो जुळला नाही तर ताकद असूनही गाडी ओढत नाही. रेडिएटर अपुरा पडतो. कॉम्प्युटर, सेन्सर आणि टाकीतल्या इलेक्ट्रिक पंपासाठी वायरिंग पहिल्यापासून करावं लागतं.

सर्वांत गंभीर बाब ब्रेकची. 50 अश्वशक्तीच्या हिशेबाने दिलेले ड्रम ब्रेक दुप्पट ताकदीच्या गाडीला वेळेत थांबवू शकत नाहीत. म्हणून मग पुढे डिस्क ब्रेक, मजबूत सस्पेन्शन, रुंद टायर असं एकामागून एक काम निघतं. शेवटी पत्रा तेवढा जुना राहतो.

मूळ इंजिनाच्या क्षमतेबद्दलही बरेच गैरसमज आहेत. ॲम्बॅसिडरचं 1489 सीसी इंजिन ब्रिटनच्या बीएमसी कंपनीच्या बी-सीरिज घराण्यातलं. याच मापाचं भावंड 1955च्या एमजीए या स्पोर्ट्‌स कारमध्ये दोन एसयू कार्बोरेटर घेऊन 70 अश्वशक्तीच्या आसपास ताकद देत होतं. म्हणजे ज्याला मंद म्हणून हिणवलं जातं, त्या इंजिनातही सुधारणेला भरपूर वाव आहे.

आजच्या इंधनाशीही त्याचं जुळवता येतं. भारतात 2000 साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं. ते शिसं जुन्या इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटचं झीजेपासून रक्षण करायचं. हेडचं काम निघेल तेव्हा कठीण धातूच्या सीट बसवल्या की हा प्रश्न सुटतो. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरमधले सील खराब होतात, म्हणून ते इथेनॉल सोसणारे घालावेत. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटऐवजी बसणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बाहेरून दिसतही नाही. चांगल्या लेथवर रिबोअर आणि क्रँकशाफ्ट ग्राइंडिंग करून नीट बांधलेलं जुनं इंजिन आजही भरवशाने लांबचा प्रवास करतं.

कायद्याची बाजूही नीट समजून घ्यायला हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52नुसार इंजिन बदलण्याचा प्रश्न थेट आरटीओच्या मंजुरीशी जोडलेला आहे. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरबदल करता येणार नाहीत, असं स्पष्ट केलं. 2021च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांचा खास व्हिंटेज क्रमांक मिळतो, पण वाहन मूळ स्वरूपात असण्याची अट आहे. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेली गाडी हा मान गमावू शकते.

हा वाद जगभर चालू आहे. जग्वारने 2017 साली आपल्या ई-टाइपमध्ये विजेची मोटर बसवली आणि 2018मध्ये ब्रिटनचे राजपुत्र हॅरी लग्नाच्या दिवशी तीच गाडी चालवताना दिसले. मूळ इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जागेत मावेल अशीच नवी यंत्रणा आखल्याने गाडी पुन्हा पूर्ववत करता येईल, असं कंपनीने आवर्जून सांगितलं. तरीही जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा हिची भूमिका अशी की, असा बदल झालेलं वाहन त्या अवस्थेत ऐतिहासिक म्हणवून घेऊ शकत नाही.

जिचं मूळ इंजिन केव्हाच हरवलं आहे, ती गाडी नियमांत राहून दुसऱ्या इंजिनावर चालवणं योग्यच. उभी राहून गंजण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. पण आरसी बुकातला आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर आजही जुळत असेल, तर त्या गाडीत दुसरं इंजिन घालू नये. तिच्या इंजिनाचंच काम काढावं. आणि काही कारणाने ते उतरवावंच लागलं, तर चेसिस कापू न देता काम करून घ्यावं आणि उतरवलेलं इंजिन तेल लावून, गुंडाळून जपून ठेवावं. गाडी विकताना ते इंजिनही नव्या मालकाच्या हवाली करावं.