तिसऱ्या मजल्यावरचा ओटा

सकाळी 7.40. वारज्याचा मजूर अड्डा भरलाय. बायका एका बाजूला, गडी एका बाजूला. जेवणाच्या पिशव्या पायाशी. मिस्त्री स्कूटरवरून उतरत नाही, एक पाय टेकवून विचारतो, "तोडायचं काम आहे. तिसरा मजला. लिफ्ट नाही." पुढे आलेले दोघे लिफ्ट नाही म्हटल्यावर मागे सरतात. एक जोडपं उभं राहतं. गड्याला 900, बाईला 600. "गोण्या किती?" बाई विचारते. "चाळीसेक." ती नवऱ्याकडे बघते. तो मान हलवतो. कोथरूडपर्यंत शेअर रिक्षा, माणशी 20 रुपये. ते ज्याचे त्याने द्यायचे.

सकाळी 8.50. बिल्डिंग 1986 सालची. स्वयंपाकघर आठ बाय दहा. कडप्प्याचा ओटा, खाली कडप्प्याचेच कप्पे. कोपऱ्यात मोरी, तिला वीतभर कठडा. ओट्यामागे सहा इंची पांढऱ्या टाइल्सच्या दोनच ओळी, त्यावर ऑइलपेंट. दाराजवळ एकच प्लग. फ्रिज, मिक्सर, ओव्हन, सगळ्यांच्या वायरी त्याच्याकडे धावतात. या घरच्या काकूंनी इथे जवळजवळ चाळीस वर्षं रांधलं. ओटा 30 इंच उंचीचा. बिल्डरने सगळ्या फ्लॅटना हेच माप लावलं. काकूंची पाठ दुखायला लागली तेव्हा डॉक्टरांनी कंबरपट्टा दिला. ओट्याचं माप कुणीच घेतलं नाही.

मिस्त्रीने काम उक्तं घेतलंय. माल घरमालकाचा, मजुरी 55,000. त्यात तोडफोड, मोरी भरणं, नळाच्या लाइनी, नवा ओटा, डॅडो आणि जुन्या मोझेकवर नवी फरशी. गडी-बाईची हजेरी, मशीनचं भाडं, सगळं त्याच्या अंगावर. दिवस वाढले की त्याचे पैसे कमी होतात.

सकाळी 9.15. डबे, बरण्या, पितळी पातेली हॉलमध्ये. टीपॉयवर इंडक्शनची शेगडी. गॅसची पाइपलाइन कंपनीच्या माणसाने काल बंद करून टोपण लावलंय. त्या पाइपला मिस्त्री हात लावत नाही, तो त्याचा नियम. तरीही टोपणावर साबणाचा फेस लावून बघतो. बुडबुडा येत नाही. मग स्वयंपाकघराची वीज बंद, आणि पाण्याचा कॉक बंद.

सकाळी 10. सोसायटीचा आवाजाचा नियम आहे: दहा ते दोन आणि चार ते सहा. ब्रेकर मशीन भाड्याचं, दिवसाला 500. पण सुरुवात ब्रेकरने होत नाही. ओट्याचा कडप्पा भिंतीत दीड इंच घुसवलेला असतो. मधोमध घण घातला तर दगड तुटता तुटता भिंतीला उपसतो, आणि ही भिंत चार इंची. पलीकडे बाथरूम. म्हणून आधी कटरने दगड आणि भिंतीच्या सांध्यात चीर पाडायची. मिस्त्री हे स्वतः करतो. तोंडाला रुमाल, डोळ्याला चष्मा. गड्याला रुमालच आहे. काळी धूळ दारावरच्या ओल्या चादरीपर्यंत जाते आणि तिथे चिकटते.

सकाळी 10.40. चीर पूर्ण होते. गडी पहार घालतो, रेटतो. अखंड लादी दहा फुटी, दीडशे किलोच्या आसपास. ती अंगावर घ्यायची नाही. खाली दोन गोण्या अंथरून एका टोकाने उतरवायची. मधल्या विटांच्या भिंतीवर ती आपोआप तुटते, दोन तुकडे. आतले कप्पे मात्र सहज निघतात. त्यातली एक लादी साबूत आहे, दोन बाय अडीच. बाई ती उचलून बाजूला भिंतीला टेकवते. काही बोलत नाही.

सकाळी 11.30. मोरी. इथे जपून. खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात छताला ओल आहे, आणि ती याच मोरीची. खालच्या काकू वर येऊन दारातून बघून जातात. घण नाही, छिन्नी-हातोडा. कठडा निघतो, मग तळाच्या फरश्या. बाई एक फरशी पालथी घालून तिच्यावरून अंगठा फिरवते.

"आमच्याकडचा दगड हाय."

शहाबादी. तिचं गाव शहाबादपासून जवळ, कलबुर्गी जिल्ह्यात. "घर ह्याचं, गोठा ह्याचा, वावराचं कुंपण बी ह्याचंच." तिचा बाप खाणीत होता. ओट्याचा कडप्पा आंध्रातल्या कडप्प्याचा, नवा ग्रॅनाइट येणार तोही आंध्रातला, भिंतीच्या टाइल्स गुजरातेतल्या मोरबीच्या. शहाबादी घरात कुणालाच नको आहे आता. ती फरशी गोणीत टाकते.

दुपारी 12.30. प्लंबर येतो, एकटाच, पाठीला पिशवी. भिंतीतली जुनी जीआय पाइप उघडी पडलीय. तो एक तुकडा कापून मला दाखवतो. म्हणायला अर्धा इंची. आत गंज आणि क्षार साचून पेन्सिल जाईल एवढं भोक उरलंय. काकू वर्षानुवर्षं टाकी लहान म्हणून पाणी कमी येतं असं समजत होत्या. नवी लाइन सीपीव्हीसीची, पाऊण इंची. सिंकच्या खाली एक जादा पॉइंट, फिल्टरसाठी. भांडी घासायला येणाऱ्या बाईंना आता मोरीत उकिडवं बसायला लागणार नाही, सिंकपाशी उभं राहता येईल. हे मला या सगळ्या खर्चातलं सर्वांत चांगलं काम वाटतं. त्यांची उंची मात्र अजून कुणी विचारलेली नाही.

दुपारी 1.15. जेवण पार्किंगमध्ये. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. काकू वरून ताक पाठवतात. मिस्त्री डबा खात खात दुकानाला फोन लावतो. सिमेंट तीन गोण्या, क्रश सँड पंधरा, वॉटरप्रूफिंगचं रसायन एक लिटर. सिमेंटची गोणी 380 ला. वर चढवायचे गोणीमागे 20 वेगळे. "चढवायचं आमचं आम्ही बघू," तो म्हणतो आणि फोन ठेवतो. बाई ऐकते.

दुपारी 2.10. सोसायटी झोपलीय. मशीन बंद, हातोडा बंद. गोण्यांना मात्र आवाज नसतो, म्हणून हे दोन तास गोण्यांचे. नवरा अर्धी गोणी भरतो, साधारण पंचवीस किलो, आणि बाईच्या डोक्यावर देतो. तिने फडक्याची चुंबळ केलीय. एका मजल्याला 18 पायऱ्या. एक हात गोणीला, दुसरा कठड्याला. खाली गेटच्या आत गोणी टाकायची, वर यायचं, घोटभर पाणी, पुढची. पहिल्या मजल्याच्या वळणावर कोपरा अरुंद आहे, तिथे ती अंग तिरकं करते. हे तिला कुणी सांगितलेलं नाही. दर पाच गोण्यांना ती जिन्याच्या दारामागे विटेच्या तुकड्याने एक रेघ ओढते. मी विचारतो, हजेरीवर आहात तर मोजता कशाला? "आकडा आपल्याजवळ असावा."

नवराही अधूनमधून उचलतो, त्याची गोणी भरलेली असते. वजन त्याचं जास्त, खेपा हिच्या जास्त.

दुपारी 3.20. पाच रेघा झाल्यात. मिस्त्री तिला वर थांबवतो. लेव्हल काढायचीय, आणि हे शांततेतलं काम आहे. पारदर्शक नळी, आत पाणी. एक टोक मिस्त्रीकडे दाराच्या चौकटीपाशी, दुसरं बाईकडे खिडकीच्या कोपऱ्यात. नळीत बुडबुडा राहिला तर लेव्हल खोटी येते. तीच आधी नळी वर धरून टिचकी मारत बुडबुडा काढते. मग पाणी हलतं, डुचमळतं.

"थांब." ती वाट बघते. "अजून... आता कर."

मिस्त्री खूण करतो. चार कोपरे. चौथ्या कोपऱ्यावर फेर जुळतो, दोऱ्याचाही फरक नाही. हे काम सगळ्यांना जमत नाही, मिस्त्री नंतर मला म्हणतो, बरेच जण पाणी थांबायच्या आतच बोलतात.

मग तो काकूंना हाक मारतो. "चपला काढून या. सरळ उभ्या राहा. कोपरात हात दुमडा." टेप जमिनीपासून कोपरापर्यंत: 38 इंच. त्यातून चार वजा, 34. पण खूण 34 वर होत नाही. खाली नवी फरशी चढणार, गोंदासकट अर्धा इंच. म्हणून खूण साडेचौतीसवर. दगडाची जाडी आणि त्याखालचा माल धरून विटांची भिंत आणखी खाली संपणार. तो हे भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवतो. फरशी चढली की दारही घासणार, सुताराला खालून अर्धा इंच तासायला सांगायचं. काकू रिकाम्या हवेत पोळी लाटून बघतात. "एवढा वर?" त्या विचारतात. पुन्हा लाटतात. खांदे खाली येतात. "हो, एवढाच."

दुपारी 4. कटर पुन्हा सुरू. पाइपच्या झिऱ्या, विजेच्या झिऱ्या. चार नवे प्लग पॉइंट, मिक्सर आणि ओव्हनला वेगळी जाड वायर. ब्लेड मध्येच संपतं, 120 रुपये, गडी खाली पळतो. धुळीत कुणाचं कुणाला दिसत नाही. काकू चहा आणतात, कागदी कपात, कपांवर बशी झाकून.

संध्याकाळी 5.20. छोटा हत्ती येतो. फेरीचे 1,800. गोण्या गाडीत चढवायचं काम गाडीवाल्याचं नाही. जोडपंच चढवतं. एकूण 43 भरतात. बाईच्या रेघा आणि वरच्या तीन गोण्या मिळून आकडा जुळतो. गाडीवाला राडारोडा कुठे नेणार ते सांगत नाही. "भर लागते कुणाला ना कुणाला," एवढंच.

संध्याकाळी 6. मशीन बंद. जिना झाडायचा, तिन्ही मजले, नाहीतर उद्या तक्रार. तो बाईच झाडते. मोरीच्या जागी खड्डा राहिलाय. उद्या वॉटरप्रूफिंग, मग विटांच्या तुकड्यांचा कोबा, मग पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या काकूंना छत बघायला सांगायचं. प्लंबरने नवी लाइन दाबाखाली ठेवलीय. रात्रभर काटा उतरला नाही तरच झिऱ्या बुजवायच्या.

झाडून झाल्यावर बाई काकूंना विचारते, "अक्का, ती लादी टाकायची का?" सकाळपासून भिंतीला टेकवलेली दोन बाय अडीचची लादी. त्यांच्या पत्र्याच्या खोलीत शेगडी जमिनीवर आहे. चार विटांवर ही ठेवली की झालं. काकू लगेच हो म्हणतात, विटाही घे म्हणतात. विटा नकोत, रिक्षात मावणार नाहीत.

संध्याकाळी 6.40. मिस्त्री पैसे मोजतो. 900, 600. उद्या गड्याचं काम नाही, तोडायचं संपलंय. एकच माणूस लागेल, माल कालवायला, वर चढवायला आणि लेव्हलला.

"उद्या बाईलाच पाठव," तो नवऱ्याला म्हणतो.

"मला सांगा," बाई म्हणते. "सातशे."

"बिगारी बाईला सातशे कुठे आहेत?"

"नळी कोण धरणार?"

मिस्त्री काकूंच्या भिंतीवरच्या खुणेकडे बघतो. सिमेंट-वाळूच्या अठरा गोण्या सकाळी खाली येऊन पडणार आहेत. "साडेसहाशे."

"आणि रिक्षाचे वीस."

"बरं. साडेआठला ये."

नवरा लादी खांद्यावर घेतो. तो उद्या 7.30 ला अड्ड्यावर उभा राहील.