निर्यातबंदी दिल्लीची, लिलाव राज्याचा

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. तेव्हा गावोगावी एकच प्रश्न होता : शेती राज्याचा विषय आहे, मग मुंबईतले सरकार ही बंदी उठवत का नाही? प्रश्न रास्त होता. मात्र त्यामागे सत्तेच्या वाटणीबद्दलचे काही पक्के गैरसमज होते, आणि ते आजही कायम आहेत.

गैरसमज : शेती राज्याकडे, म्हणून कांद्याचे सगळे निर्णय राज्याचे.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन सूच्या आहेत : संघ, राज्य आणि समवर्ती. तिथे वाटणी पिकांची नाही, कामांची आहे. कांदा शेतात असतो तोवर तो राज्य सूचीतला विषय, शेती, नोंद १४. ट्रॉली लासलगाव बाजार समितीच्या आवारात रांगेला लागली की नोंद २८, बाजार. ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन व्यापारी बोली लावतो, मग माल काट्यावर जातो आणि हिशेबपट्टी हाती पडते. व्यापाऱ्याचा परवाना, तोलाई, बाजार फी हे सगळे विधिमंडळाने केलेल्या १९६३ च्या बाजार समिती कायद्याखाली चालते. २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय राज्यानेच केला, त्यासाठी दिल्लीची वाट पाहावी लागली नाही.

तोच कांदा कंटेनरमध्ये भरून न्हावा-शेवा बंदराकडे निघाला की विषय बदलतो. परदेशी व्यापार ही संघ सूचीतली नोंद ४१ आणि निर्यात शुल्क ही नोंद ८३. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क लागले, डिसेंबरात बंदी आली. ती ४ मे २०२४ ला उठली, पण ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य ठेवूनच. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही हटले. यातला एकही आदेश राज्याला काढता आला नसता, की रद्दही करता आला नसता. मुख्यमंत्र्यांच्या हाती होती ती फक्त विनंती.

गैरसमज : समवर्ती सूचीत दोघांचा वाटा सारखा.

कायदे दोघेही करू शकतात, पण टक्कर झाली तर अनुच्छेद २५४ प्रमाणे सहसा संसदेचा कायदा टिकतो. राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याचा कायदा त्या राज्यापुरता चालू शकतो, तरी संसद पुन्हा त्यावर कायदा करू शकतेच. खाद्यपदार्थांचा व्यापार याच सूचीत, नोंद ३३ मध्ये आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये कांद्याच्या घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळ विक्रेत्याला २ टन अशी साठामर्यादा केंद्राने घातली, ती १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली. केंद्राचे २०२० चे कृषी कायदेही याच नोंदीच्या आधाराने आले. ते घटनेत बसतात का, याचा निकाल न्यायालयातून लागण्याआधीच ते नोव्हेंबर २०२१ मध्ये मागे घेतले गेले.

गैरसमज : राज्य म्हणजे केंद्राच्या हाताखालचे कार्यालय.

विधिमंडळाला अधिकार केंद्राने दिलेले नाहीत. संसदेला जिथून मिळाले तिथूनच, म्हणजे घटनेतून, ते विधिमंडळाला मिळाले आहेत. याचा सर्वात बोलका पुरावा सहकाराचा आहे, आणि गावोगावी विकास सोसायट्या असलेल्या नाशिकने तो लक्षात ठेवावा. ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्थांबाबत राज्यांच्या कायदे करण्याच्या अधिकारावर बंधने आणली. मात्र त्यासाठी आवश्यक असलेली निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता घेतली गेली नव्हती. २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरता त्या दुरुस्तीने घातलेला भाग रद्द ठरवला. घटना बदलण्याचा अधिकार असलेल्या संसदेलाही इथे थांबावे लागले.

गैरसमज : विषय केंद्राचा, म्हणजे केंद्र वाटेल ते करू शकते.

कायद्याच्या आधाराशिवाय कर नाही, असे अनुच्छेद २६५ बजावतो. मूलभूत हक्कांचे बंधन केंद्रालाही आहे आणि त्याच्या आदेशांना न्यायालयात आव्हान देता येते. एक उणीव मात्र खरी आहे : निर्यात बंद करण्याआधी कांदा पिकवणाऱ्या राज्याला विचारलेच पाहिजे, असे बंधन केंद्रावर नाही. अनुच्छेद २६३ खाली १९९० मध्ये आंतरराज्य परिषद स्थापन झाली. ऐन काढणीच्या तोंडावर बाजार पाडणारे निर्णय आधी तिथे किंवा तशाच एखाद्या मंचावर राज्यांसमोर यायलाच हवेत, असे मला ठामपणे वाटते.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीत कांदा हा प्रचारातला मोठा मुद्दा होता आणि तिथे केंद्रीय राज्यमंत्री पराभूत झाल्या. निर्यातीचा जाब कोणाला विचारायचा, हे मतदारांना कळले होते. एरवीही तसेच करा. शुल्क, बंदी, साठामर्यादा यांसाठी खासदाराला गाठा. काट्यात खोट असेल, व्यापाऱ्याने पैसे थकवले असतील, तर दिल्लीच्या नावाने बोटे मोडत बसू नका. बाजार समितीकडे आणि जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार द्या, तिची पोच घ्या आणि प्रत आमदाराला पाठवा.