दुबळे हृदय आणि रोजचा निरोप

श्रोतेहो, हृदय दुबळे झाले म्हणजे ते बंद पडले असे नव्हे. त्याचा उपसा कमी पडतो नि अंगात पाणी साठते. पुष्कळदा पाय सुजण्याआधी, दम लागण्याआधी हे पाणी वजनकाट्यावर दिसते. म्हणून रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी वजन करावे. तीन दिवसांत २ किलो वाढले, तर लगेच डॉक्टरांना कळवावे.

पण रोज आठवण कोण देणार? इथे मोबाईलवरचा लेखी निरोप कामी येतो. एका देवनागरी निरोपात काना-मात्रेसह ७० चिन्हे मावतात. ‘वजन केले का? आकडा कळवा. लोणचे, पापड नको.’ एवढे पुरे! मात्र निरोप म्हणजे औषध नव्हे. आलेला आकडा पाहणारे माणूस पलीकडे हवेच. आणि गुरुजी, ज्यांना वाचता येत नाही, त्यांना तो तेवढा वाचून दाखवा.