नाकारलेली पदवी आणि पहाटेची धून

‘शिवरंजनीच की ही. पण मांडी घालून नाही बसलेली, खुर्चीवर बसलीय,’ पोलादपूरच्या आमच्या भजनी मंडळाचे बुवा पेटीवर बोटं फिरवत म्हणाले. सप्ताहातली दुपार होती. एकजण पखवाजाला कणीक लावत बसला होता आणि मी मोबाइलवर आकाशवाणीची पहाटेची धून ऐकवली होती. सा, रे, कोमल गंधार, पंचम, धैवत. एवढे स्वर बुवांनी लगेच काढले आणि मग ते अडले. व्हायोलिन ज्या चढणीनं वर जातं आणि उतरतं, ते पेटीला जमेना. ‘चाल कुणाची?’ त्यांनी विचारलं. म्हटलं, वॉल्टर काउफमान, कार्ल्सबादचे. पखवाजवाल्याला ते अहमदाबाद ऐकू आलं.

ही धून आमच्याकडे घड्याळाच्या जागी होती. डोंगराआडच्या गावात दिवसा रेडिओ खरखरायचा, पण पहाटे मुंबई ‘ब’ बऱ्यापैकी लागायचं. वडील चार मिनिटं आधीच बटण फिरवून ठेवत, कारण वॉल्व्ह तापायला वेळ लागे. मग तंबोरा, त्यावर व्हायोलिन, मागोमाग वंदे मातरम्. रेडिओच्या लायसनचं पुस्तक देव्हाऱ्याखालच्या खणात असे आणि पोस्टात जाऊन त्यावर शिक्का मारून आणणं माझ्याकडे होतं. एवढ्या वर्षांत धून कुणाची हा प्रश्न घरात कुणाला पडला नाही. सूर्य कुणी लावला असं कुणी विचारतं का?

काउफमान यांचा जन्म १ एप्रिल १९०७ चा. गाव बोहेमियातलं कार्ल्सबाद, आजच्या चेक प्रजासत्ताकातलं कार्लोव्ही व्हारी. उन्हेऱ्याच्या कुंडावर आपले लोक जातात तसे तिथल्या गरम झऱ्यांवर युरोपातले श्रीमंत जात. कुटुंब ज्यू, भाषा जर्मन. संगीत शिकायला ते बर्लिनच्या सरकारी संगीत विद्यालयात गेले. तिथे रचना शिकवायला फ्रान्झ श्रेकर होते आणि संगीतशास्त्राला कुर्ट झाक्स.

झाक्स यांच्यापाशी थोडं थांबायला हवं, कारण त्यांचं आपल्याशी जुनं नातं आहे. १९१४ मध्ये त्यांनी आणि एरिक फॉन हॉर्नबोस्टेल यांनी जगातल्या वाद्यांची जी वर्गवारी मांडली, ती आजही संग्रहालयांत चालते. तिचा पाया बेल्जियमच्या माहिलाँ यांच्या चार गटांचा होता आणि ते चार गट नाट्यशास्त्रातल्या तत, सुषिर, अवनद्ध, घन यांच्याशी जवळजवळ जुळतात. पुढच्याच वर्षी झाक्स यांनी भारत आणि इंडोनेशियाच्या वाद्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. म्हणजे पोलादपूरच्या देवळातला पखवाज आणि टाळ कुठल्या खणात ठेवायचे, हे बर्लिनमध्ये ठरवणाऱ्यांपैकी एक हे गृहस्थ.

त्या काळी प्रशियाच्या शिक्षण खात्यात लिओ केस्टेनबर्ग नावाचे पियानोवादक संगीताचं काम पाहत. शाळेतल्या गाण्याच्या मास्तरला इतर विषयांच्या मास्तरांइतकं शिक्षण आणि तितकाच मान मिळावा म्हणून त्यांनी विसाच्या दशकात सगळी व्यवस्था नव्यानं बांधली. (आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत गाण्याचा मास्तर शोधून दाखवा!) केस्टेनबर्गही ज्यू होते. १९३२ च्या अखेरीस, हिटलर चान्सलर होण्याआधीच, त्यांना घरी बसवण्यात आलं. पुढे ते प्रागला आणि तिथून १९३८ मध्ये तेल अवीवला गेले.

श्रेकर यांचंही तसंच झालं. १९२० पासून विद्यालयाचे संचालक असलेल्या या माणसाला १९३२ मध्ये खुर्ची सोडावी लागली. ७ एप्रिल १९३३ ला नाझींनी सरकारी नोकरांचा कायदा केला. नाव ठेवलं नोकरशाहीची ‘पुनर्स्थापना’, काम ज्यू आणि विरोधक यांना हाकलण्याचं. श्रेकर यांचे वडील जन्मानं ज्यू होते, तेवढं पुरलं. शिकवण्याचं कामही गेलं. डिसेंबरात त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि २१ मार्च १९३४ ला ते वारले. झाक्स पॅरिसला आणि पुढे न्यूयॉर्कला गेले. हॉर्नबोस्टेल यांची आई ज्यू, तेही गेले. बर्लिनच्या ऑपेरात ज्या ब्रुनो वॉल्टर यांच्या हाताखाली काउफमान यांनी उमेदवारी केली होती, त्यांची मार्च १९३३ मधली बर्लिनची मैफल दंगलीची भीती घालून हिसकावून घेतली गेली. त्यांच्या जागी उभे राहिले रिचर्ड स्ट्राउस. त्याच वर्षी नोव्हेंबरात निघालेल्या राइश संगीत मंडळाचं अध्यक्षपदही त्यांनाच मिळालं. या मंडळाचं सभासदत्व नसेल तर धंदा बंद. वादकालाही आणि शिकवणाऱ्यालाही.

आमच्या भागात जाळलेल्या ग्रंथाचा विषय निघाला की २५ डिसेंबर १९२७ चं महाड आठवतं. मनुस्मृती जाळण्याचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता, जन्मानं ब्राह्मण. १० मे १९३३ ला बर्लिनच्या ऑपेरा चौकात विद्यार्थ्यांनी हजारो पुस्तकं जाळली आणि प्राध्यापक शेजारी उभे होते. दोन्ही होळ्या सारख्याच, असं म्हणणारे मला महाडच्या बाजारपेठेत भेटले आहेत. मी त्यांना एवढंच विचारतो, पोलीस आणि सरकार त्या दिवशी कुणाच्या बाजूला होतं?

काउफमान बर्लिनखेरीज प्रागच्या जर्मन विद्यापीठातही शिकत होते. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते गुस्टाव बेकिंग. विद्वान मोठा. लयीवरचा त्यांचा ग्रंथ १९२८ चा. काउफमान यांचा प्रबंध गुस्टाव माहलर यांच्या संगीतावर होता आणि तो तयारही झाला होता. मग त्यांना कळलं की आपले सर गावातल्या नाझी युवक संघटनेचे पुढारी आहेत. त्यांनी पदवी घेतली नाही.

वर्षं लक्षात घ्या. प्राग तेव्हा हिटलरच्या ताब्यात नव्हतं. तिथे त्याचं सैन्य १५ मार्च १९३९ ला शिरलं. बर्लिनमधल्या एखाद्या मास्तरनं नोकरीसाठी, पोरांसाठी मान तुकवली असं म्हणता येतं आणि त्यातल्या काहींबद्दल मला कीवही येते. बेकिंग यांच्यावर तसली जबरदस्ती नव्हती. ते आपल्या पायानं चालत गेले. खुर्ची त्यांची टिकली, युद्ध संपेपर्यंत ते प्रागमध्येच होते आणि ८ मे १९४५ ला तिथेच त्यांचा अंत झाला.

आपल्याकडे गुरूचं उष्टं काढणाऱ्या, पाय चेपणाऱ्या शिष्यांच्या गोष्टी भरपूर आहेत. गुरूच्या हातून काहीतरी न घेणाऱ्या शिष्याची गोष्ट मला तरी कुणी सांगितली नाही. बुवांना मी हे बोललो, तेव्हा ते पेटीचा भाता लावत म्हणाले, ‘विद्या घेतली ना त्यानं? मग कागद गेला तर गेला.’ मला ते इतकं सोपं वाटत नाही. सव्वीस वर्षांचा ज्यू मुलगा, जर्मनीत दार बंद, हातात पदवी नाही. त्या कागदावर कुठल्यातरी देशात नोकरी मिळाली असती.

भारताचा परवाना सहज मिळत होता म्हणून फेब्रुवारी १९३४ मध्ये ते मुंबईत उतरले. महिन्याभरात तिकडे श्रेकर गेले. भारतीय संगीताच्या तबकड्या त्यांनी ऐकल्या होत्या, पण त्यात काही उमगलं नव्हतं. पुढे त्यांनी त्याबद्दल जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा: लाखो लोकांना हे संगीत प्रिय आहे, तेव्हा खोट संगीतात नसून माझ्या कानात असणार. नोंद साधी आहे, पण वंशावरून संगीताची प्रतवारी लावण्याचा उद्योग ज्या देशात जोरात होता, तिथून निघालेल्या माणसाची आहे. १९३८ च्या मे महिन्यात तर डुसेलडॉर्फला ‘विकृत संगीता’चं प्रदर्शनच भरलं आणि त्यात श्रेकर यांना शिव्या होत्या.

मुंबईत आल्यावर काही महिन्यांत त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात वादन. व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर एदिज्यो व्हेर्गा, पियानोवर स्वतः. मेहलींचा मुलगा झुबिन १९३६ मध्ये जन्मला, तो या वातावरणात. चित्रपटांच्या कामात मोहन भवनानी या मित्राचा आधार होता. १९३७ ते १९४६ काउफमान आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. धून १९३६ च्या सुमाराची, त्यांच्याच एका व्हायोलिन सोनाटामधून घेतलेली. वाजवणारे मेहली मेहता, असं मानलं जातं. खाली तंबोरा ठेवण्याची कल्पना मला सर्वांत मोठी वाटते. युरोपातल्या माणसाला सूर बदलत नेण्याची सवय असते. इथे त्यानं षड्ज धरून ठेवला. बुवा म्हणतात तशी शिवरंजनी खुर्चीवर बसलेली असेलही, पण पाय आपल्या जमिनीला टेकलेले आहेत.

केंद्रावरच्या नोकरीत ते मुंबईपुरते राहिले नाहीत. गोंड आणि बैगा लोकांची गाणी त्यांनी स्वरलिपीत उतरवली. तो लेख १९४१ मध्ये अमेरिकेतल्या ‘म्युझिकल क्वार्टर्ली’त आला. आपल्या किती गवयांनी तोवर गोंडांचं गाणं कान देऊन ऐकलं होतं, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. आमच्याकडच्या जाखडीची आणि नमनाची गत तरी काय वेगळी होती?

१९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि ब्रिटिश सरकारनं भारतातल्या जर्मन-ऑस्ट्रियन लोकांना ‘शत्रूचे नागरिक’ म्हणून उचललं. त्यांत हिटलरपासून पळून आलेले ज्यूही होते. देवळालीला छावणी होती, पुरंदरावर होती आणि साताऱ्यालाही. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरमार्गे आम्ही लग्नाचा बस्ता बांधायला जायचो, तो सातारा. हे कळेपर्यंत माझी पन्नाशी उलटली होती.

काउफमान यांची पत्नी गेर्टी ही फ्रान्झ काफ्काची भाची, त्याच्या बहिणींतल्या थोरलीची, एलीची मुलगी. ऑक्टोबर १९४१ मध्ये एलीला प्रागहून वूचच्या ज्यू वस्तीत नेण्यात आलं. ती परतली नाही. काफ्काच्या तिन्ही बहिणी नाझींनी मारल्या. त्या वर्षीही मुंबई केंद्रावर धून वाजत होती.

१९४६ मध्ये ते भारत सोडून आधी लंडनला, मग कॅनडाला गेले. विनिपेगच्या वाद्यवृंदाचे पहिले संगीत संचालक झाले. १९५७ पासून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले, ते निवृत्तीपर्यंत. पदवीवर पाणी सोडलेला हा मुलगा प्राध्यापक झाला आणि उत्तर भारताच्या रागांवर १९६८ मध्ये, दक्षिणेच्या रागांवर १९७६ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहून मोकळा झाला. ९ सप्टेंबर १९८४ ला ब्लूमिंग्टनमध्ये त्यांचं निधन झालं.

आकाशवाणीवर धून संपली की तारीख, तिथी, केंद्राचं नाव सांगतात. रचनाकाराचं नाव मी तरी कधी ऐकलेलं नाही. रोज नको, पण वर्षातून एकदा, १ एप्रिलच्या पहाटे, निवेदकानं ते घ्यावं. वाचकांपैकी कुणी केंद्रावर नोकरीला असेल, तर एवढं मनावर घ्या. आमचे बुवा तेव्हा जागे असतात.