नोकरीचा तंटा आणि वकिलाची फी : आधी हिशेब, मग वकीलपत्र

हिंजवडी म्हणजे मुळशी तालुक्यातले एक गाव, एवढीच आम्हा कापडवाल्यांची पूर्वी ओळख होती. आज तिथल्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये आपल्या घरोघरची मुले-मुली मोठ्या हुद्द्यांवर आहेत. माझा भाचाही त्यांपैकीच एक. चौदा वर्षे एका कंपनीत राबून तो विभागप्रमुख झाला. महिना तीन लाख पगार. गेल्या वर्षी एका दुपारी त्याला बोलावून राजीनामा मागितला. करारनाम्यात तीन महिन्यांची नोटीस होती, कंपनी दोन महिन्यांचा पगार देऊ लागली. पत्राने कळवलेला पाच लाखांचा बोनसही नाकारला. रात्री तो माझ्याकडे आला. म्हणाला, "मामू, वकील करू का? पण तो किती घेईल?"

हा प्रश्न आज अनेक घरांत आहे. टीसीएससारख्या कंपनीने जुलै 2025 मध्ये सुमारे 12 हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले, त्यांत मधल्या आणि वरच्या हुद्द्यांचे लोक जास्त होते. म्हणून आम्ही जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो.

मॅनेजरला कामगार न्यायालय नाही

साध्या कामगाराला कामगार न्यायालयात कमी खर्चात दाद मागता येते. मॅनेजरचे तसे नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने व्यवस्थापकीय काम करणाऱ्याला कामगाराच्या व्याख्येबाहेर ठेवले होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तो बाहेरच आहे. देखरेखीचे काम करणाऱ्यासाठी पगाराची मर्यादा 10 हजारांवरून 18 हजार झाली, इतकाच फरक. म्हणजे मोठ्या पगाराच्या माणसाला दिवाणी न्यायालयाचा किंवा लवादाचा रस्ता उरतो, आणि तो महाग आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. खासगी कंपनीने मॅनेजरला परत कामावर घ्यावे, असा हुकूम दिवाणी न्यायालय सहसा देत नाही. भरपाई मिळते तीही बहुधा नोटिशीच्या पगाराइतकी आणि ठरलेल्या येण्याइतकी. तेव्हा अपमान केवढा झाला याचा हिशेब मांडू नये. कागदावर येणे किती आहे, तेवढाच मांडावा. भाच्याचे येणे होते नोटिशीचे 3 लाख आणि बोनसचे 5 लाख, एकूण 8 लाख. ग्रॅच्युइटी कंपनीने कबूल केली होती, म्हणून ती या हिशेबात धरली नाही.

वकील पैसे कसे घेतात?

अमेरिकेत मोठ्या अधिकाऱ्यांच्या पगाराचेच काम पाहणारे वेगळे वकील असतात. काही जण जिंकलेल्या रकमेतून हिस्सा घेतात. आपल्याकडे हिश्शाचा सौदा चालत नाही. बार कौन्सिलच्या नियमांनी तो मना आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये असा सौदा लोकहिताविरुद्ध ठरवला. "पैसे मिळाल्यावर वीस टक्के द्या" असे कोणी म्हणाला तर तिथून उठावे.

पुण्यात नोकरीचे तंटे पाहणारा दिवाणी वकील कामाच्या टप्प्यांवर फी सांगतो. आम्हाला भेटलेल्या वकीलसाहेबांनी असे सांगितले : कागद वाचून सल्ला 5 हजार, नोटीस 20 हजार, कंपनीशी बोलणी 30 हजार, दावा चालवणे दीड लाख, तेही हप्त्यांनी. हे एका वकिलाचे दर आहेत. दुसरा कमी सांगेल, नामांकित असेल तो कितीतरी जास्त. दाव्यावर कोर्ट फी, टायपिंग आणि नकलांचा खर्च वेगळा. वकील जर कंपनीऐवजी साध्या माणसाचे काम करत असेल तर त्या फीवर जीएसटी लागत नाही, हे बिल पाहताना ध्यानात ठेवावे.

करारनाम्यात लवादाचे कलम असेल तर लवादाची फीही आली. 1996 च्या लवाद कायद्याला जोडलेल्या नमुना तक्त्याप्रमाणे 5 लाखांपर्यंतच्या तंट्याला 45 हजार, त्यापुढे 20 लाखांपर्यंत वरच्या रकमेवर साडेतीन टक्के. 8 लाखांना 55,500 होतात. एकटाच लवाद असेल तर 25 टक्के जास्त, म्हणजे सुमारे 69 हजार. साधारणपणे हा खर्च दोघांत वाटला जातो. आणि लवाद कंपनीने एकटीने नेमायचा, हे कलम टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये म्हटले आहे.

वकिलाशिवाय होणारी कामे

वेतन संहिता मॅनेजरलाही लागू आहे. नोकरी सुटल्यावर राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यावा लागतो. ग्रॅच्युइटी अडवली तर त्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. बाई कर्मचारी असेल तर तिचा पगार कितीही असो, 1987 च्या कायद्याने तिला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

सगळ्यात स्वस्त वकील सहीच्या आधीचा

आपण गाठीतले थान उलगडून पाहिल्याशिवाय माल घेत नाही. मुले मात्र तीस पानी करारनामा न वाचता सही करतात. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यातील एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार मोडून कोट्याच्या कारखान्यात गेला. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये त्या मुदतीपुरती बंदी कायम केली. नोकरी संपल्यानंतरची बंदी 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही. पण बाँडची रक्कम टिकू शकते. विजया बँकेचा 2 लाखांचा बाँड 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवला. सहीआधी सल्ल्याचे पाच हजार दिले असते तर बोनसचे कलम स्पष्ट करून घेता आले असते, असे भाचा आता म्हणतो.

शेवट काय झाला?

नोटीस गेली, दोन बैठका झाल्या आणि कंपनी 6 लाखांवर आली. भाच्याला पूर्ण 8 हवे होते. मी त्याला वहीत मांडून दाखवले. आतापर्यंत खर्च 55 हजार. उरलेल्या 2 लाखांसाठी दीड लाख फी, वर कोर्ट फी आणि काही वर्षांच्या तारखा. त्याने रात्रभर विचार केला आणि सकाळी सही केली. रागाने वकील करू नये आणि भीतीने हक्क सोडू नये, एवढे आम्ही दोघे त्यातून शिकलो.

वाचकांनी एवढे करावे : करारनामा, नेमणुकीचे पत्र, बोनसची पत्रे आणि पगाराच्या पावत्या घरी जपाव्यात. राजीनाम्यावर त्याच दिवशी सही करू नये. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, ती ओलांडू नये. वकिलाची फी टप्प्याटप्प्याने लिहून घ्यावी आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.