कोपीतलं इन्सुलिन
(लेखमाला: रुग्णसेवेमागची शास्त्रं)

मलकापूरला कृष्णा विश्व विद्यापीठाच्या आवारात वैद्यकीय, दंत, फिजिओथेरपी आणि नर्सिंग शिकवलं जातं. हंगामात बाहेरच्या महामार्गावरून उसाच्या ट्रॉल्या जातात. त्या भरणारी बीडकडची एखादी मावशी मधुमेहानं वॉर्डात दाखल झाली आहे, आता घरी सोडायची आहे, असं समजा. घर म्हणजे फडाजवळची कोपी. तिथं फ्रिज नाही.

पुस्तक सांगतं, न फोडलेली इन्सुलिनची बाटली 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवा. वापरात घेतलेली साधारण चार आठवडे 25 ते 30 अंशांखाली चालते. पाचट-ताडपत्रीच्या कोपीत फेब्रुवारीच्या दुपारी तेही कठीण. इथं पदार्थविज्ञान मदतीला येतं. मातीच्या मडक्यातून पाझरलेलं पाणी उडून जाताना ग्रॅममागे सुमारे 580 कॅलरी उष्णता ओढून घेतं. म्हणून मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, आत बाटली. वाळू सुकू द्यायची नाही. फ्रिजइतका गारवा मिळत नाही, पण वापरातली बाटली सांभाळता येते. हवा कोरडी असेल तेव्हाच हे नीट जमतं. पावसाळी दमट हवेत मडकं फारसं गार होत नाही.

पण खरा पेच साठवणुकीचा नाही, दिवसाच्या आखणीचा आहे. “मावशी, पहाटे किती वाजता निघता? भाकरी कधी खाता?” हे विचारल्याशिवाय सुई टोचायची वेळ सांगणं मला धोक्याचं वाटतं. इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी फडात उतरलं की साखर घसरते. त्यातून कोयता चालवणाऱ्या दंडात किंवा मोळी उचलताना ताण येणाऱ्या मांडीत टोचलं, तर रक्ताभिसरण वाढून औषध लवकर भिनतं. पोटावर टोचणं बरं. साखर उतरल्याची खूण म्हणजे घाम आणि थरथर. फडात घाम कुणाला नसतो? म्हणून ही खूण जोडीदारालाही शिकवावी लागते आणि कमरेच्या पिशवीत साखरेची पुडी द्यावी लागते. उसाच्या फडात साखर बाळगा म्हटल्यावर मावशी हसणारच. पण हात थरथरत असताना ऊस सोलून चघळणं होत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेच्या 2021च्या सुधारित बीएस्सी अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र आहे, तेही ‘अप्लाइड’ म्हणून. औषधशास्त्र मात्र पुढं येतं. प्रत्येकाचा पेपर वेगळा, वही वेगळी. मावशीच्या खाटेपाशी केस प्रेझेंटेशन असेल तेव्हा औषधशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या शिक्षकांनी एकत्र उभं राहावं, एवढं तरी करता येईल. ‘उचल घेतलेली बाई सुट्टी घेऊन तपासणीला येईल का?’ हा प्रश्न मग विद्यार्थिनीला डोसइतकाच महत्त्वाचा वाटेल.

हंगाम संपला की कुटुंब गावी परततं. तेव्हा डिस्चार्ज कार्डावर कोपीच्या पत्त्याबरोबर गावाकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नावही हवं. ते कोणत्या विषयात बसतं, यावर शिक्षकांनी खुशाल वाद घालावा.